जुनी पेटी आणि पाच बटणं

६ जानेवारी, सोमवार. पहाटे ५.१०

नवी वही. मागच्या वर्षीची १९ फेब्रुवारीपर्यंत भरली होती. तसं पाहिलं तर त्यानंतर लिहिण्यासारखं काही घडलंही नाही. यंदा रोज लिहायचं. थोडं लिहायचं, पण खरं लिहायचं.

शनिवारी प्लँट हेड नंदकिशोर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या कंपनीचा स्वतःचा मेलचा प्रोग्रॅम आहे. अकरा वर्षांपूर्वी माण गावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडून करून घेतलेला. टचस्क्रीनवर एकेचाळीस बटणं. लाइनवरचे सुपरवायझर तो उघडतच नाहीत. साहेब म्हणाले, ज्योतीराम, हा सोपा करायचाय, आणि काम तुमच्याकडे. मी म्हणालो, साहेब, माझं शिक्षण गावच्या शाळेतलं, त्यावर आयटीआय. ते म्हणाले, म्हणूनच तर. तुम्हाला कळलं म्हणजे सगळ्यांना कळेल.

महाळुंग्याच्या प्लँटमध्ये मला तेवीस वर्षं झाली. एवढा विश्वास कोणी पहिल्यांदाच बोलून दाखवला.

संकल्प: पहाटे साडेचारला उठणे. इंद्रायणीच्या घाटावर जाऊन येणे. दिवसाला एकच चहा. मेल सोपा करणे.

७ जानेवारी, मंगळवार

साडेसहाला उठलो. थंडी फार.

बसमध्ये विचार करून पद्धत नक्की केली. आमच्या शॉपमध्ये फाइव्ह एस, म्हणजे पसारा आवरायची जपानी पद्धत, मीच बसवलं. नियम सरळ आहे. जी वस्तू तीस दिवसांत वापरली नाही, तिला लाल टॅग लावायचा आणि यार्डात पाठवायची. २०१६ साली या पद्धतीने मी स्टोअरमधून नऊ ट्रॉल्या सामान बाहेर काढलं. त्यातलं दोन ट्रॉल्या सामान परत विकत आणावं लागलं, पण तो परचेसवाल्यांचा प्रश्न होता.

बटण ही पण वस्तूच.

९ जानेवारी, गुरुवार. आठवड्याची सुट्टी

सुट्टी असून माणला जाऊन आलो. तिथल्या अरुंधती मॅडमकडे आमचं काम आहे. स्क्रीनवर काय कुठे ठेवायचं याचं वेगळं शिक्षण असतं, ते त्यांनी घेतलंय. वय पस्तीसच्या आसपास. बोलणं शांत.

मी टॅगची पद्धत सांगितली. त्या म्हणाल्या, सर, रोज लागणारी गोष्ट हाताशी हवी आणि वर्षातून एकदा लागणारी निदान नजरेच्या कडेला हवी. कडेलाही नसली, तर लागेल त्या दिवशी ती आहे हेच माणसाला ठाऊक नसतं. साधं दिसणं वेगळं आणि सोपं असणं वेगळं.

मी म्हणालो, मॅडम, देव कुठे दिसतो? तरी ज्याला हवा त्याला सापडतोच ना. त्या थोडं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, देवाचं ऑडिट होत नाही, सर.

हसल्या. पटलं असावं.

१० जानेवारी, शुक्रवार. एकादशी

उपास. एकेचाळीस बटणांची यादी हाताने लिहून काढली. त्यातली सतरा कशासाठी आहेत ते मला माहीत नाही. त्याच्यावर पुष्कळ विचार केला. इतकी वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि त्यांच्यावाचून माझं काही अडलं नाही. माणसाला खरं तर किती कमी लागतं.

कँटीनमध्ये खिचडी दोनदा घेतली. दुसऱ्यांदा वाढणाऱ्याने आग्रह केला म्हणून.

२० जानेवारी, सोमवार

मॅडमनी हिशेब पाठवला. तीस दिवसांत कोणतं बटण किती वेळा दाबलं गेलं त्याचा. ‘जुनी पेटी’ या बटणाच्या पुढे आकडा दोन.

सहा महिन्यांपेक्षा जुने मेल आपोआप जुन्या पेटीत जातात. ते पाहायचे तर हे बटण दाबायचं. साडेतीनशे माणसांच्या प्लँटमध्ये महिन्याभरात दोनदा. आणि दोन्ही वेळा एकाच माणसाने. क्वालिटीच्या नूरमोहम्मद मुलाणींनी.

नूरभाई आणि मी एकोणीस वर्षं कंपनीच्या बसला एकाच सीटवर बसतो. मी देहूला चढतो, ते तळवड्याला. खिडकी त्यांची, कारण त्यांना मळमळतं. आज त्यांना सांगितलं की तुमच्या जुन्या पेटीला टॅग लागणार. म्हणाले, राव, दोनदाच दाबलं, पर दोनी टायमाला काम झालं का न्हाई? आग विझवायचा सिलिंडर बी भिंतीला टांगलाय. रोज कोन वापरतं त्याला? लावा की मग त्यालाबी टॅग.

मागच्या सीटवरचे हसले. मीही हसलो. ऑफिसात गेल्यावर फाइव्ह एसचं पुस्तक काढून पाहिलं. पान सहा. अग्निशमन साहित्याला टॅग लागू नाही. नूरभाईंचा मुद्दा चुकीचा होता. पण त्यांना सांगितलं नाही. मैत्रीत एवढं सोडून द्यावं.

२ फेब्रुवारी, रविवार

एकेचाळीसवरून एकोणीस. ‘पाठवलेला मेल मागे घ्या’ काढलं. विचार करून लिहिलं तर मागे घ्यायची वेळ कशाला येईल. ‘गुप्त प्रत’ काढलं, ते तत्त्वात बसत नाही. ‘तक्रार नोंदवा’ खालच्या तीन ठिपक्यांच्या आत टाकलं.

साहेबांना दाखवलं. ते फोनवर होते. मान हलवली.

८ फेब्रुवारी, शनिवार. एकादशी

अकरा.

ओवीला, म्हणजे माझ्या मुलीला, रात्री स्क्रीनचा फोटो दाखवला. ती कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, आप्पा, सुंदर आहे, पण यात फाइल जोडायची कुठून? मी म्हणालो, ओळीच्या शेवटी डावीकडे बोट ओढायचं. ती म्हणाली, हे माणसाला समजणार कसं? मी म्हणालो, तुला आता समजलं ना? तिने फोन माझ्या हातात परत दिला. ओवीच्या आईने विचारलं की दूधवाल्याला फोन केला का. राहिला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

मॅडमशी अर्धा तास फोन. जुनी पेटी पूर्ण काढायला त्या तयार नाहीत. शेवटी तडजोड केली. स्क्रीनवर वर कोपऱ्यात आजची तारीख असते. तिच्यावर तीन सेकंद बोट दाबून धरलं की जुनी पेटी उघडेल. बटण गेलं, सोय राहिली. कल्पना त्यांची, पण तिच्या मागचा विचार माझा.

त्यांनी दोन अटी घातल्या. पहिल्यांदा उघडणाऱ्याला तारखेजवळ एक पिवळी चिठ्ठी दिसावी: इथे दाबून धरा. आणि सर्वांना एक पानाची सूचना वाटावी.

पिवळी चिठ्ठी पाहिली. स्वच्छ अंगणात कोणी कागदाचा बोळा टाकावा तशी दिसते. काढायला लावली. सूचनांचे साडेतीनशे कागद छापून आले, ते कपाटात ठेवले. जी गोष्ट सांगावी लागते ती सोपी कसली? शिवाय फाइव्ह एसमध्ये टेबलावर कागद चालत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नवा मेल चालू झाला. पाच बटणं: वाचा, लिहा, पाठवा, उत्तर, बंद. कोपऱ्यात तारीख. बाकी सगळं पांढरं. आलेल्या मेलच्या पहिल्या दोन ओळी दिसतात, त्यावरून माणसाला विषय कळतो. उत्तरासाठी तयार शब्द आहेत: होय, नाही, ठीक. लिहायचीसुद्धा गरज नाही.

स्क्रीन समोर ठेवून बराच वेळ बसलो. पहाटे काकड आरतीआधी मोकळा गाभारा असतो तसं वाटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. सुट्टी

दहा दिवसांचे आकडे. आधी दिवसाला चारशे मेल जायचे, आता साठ. गर्दी कमी झाली. तक्रारी: शून्य. एकही नाही. आधी आठवड्याला वीस-पंचवीस असायच्या.

सुपरवायझर लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढलाय म्हणतात, त्यात ड्रॉइंग वगैरे पाठवतात. मी त्यात नाही. ज्यांना साधेपणा झेपत नाही ते जातातच कुठेतरी.

एका पहाटे घाटावर गेलो. चहा दोन झाले, पण लहान कप होते.

१ मार्च, शनिवार

तारीख खटकायला लागलीय. मोबाइलवर तारीख असते, घड्याळात असते, भिंतीवर कॅलेंडर आहे. चौथ्यांदा कशाला? मॅडमना लिहिलं, तारीख काढा. त्यांचं उत्तर आलं, लांबलचक. पहिल्या दोन ओळींत नमस्कार आणि काम करता येईल असं होतं. मी ‘ठीक’ दाबलं.

३ मार्च, सोमवार

तारीख गेली. आता फक्त पाच.

नूरभाईंचे रोजे कालपासून सुरू. बसमध्ये झोपून होते. मी उठवलं नाही.

११ मार्च, मंगळवार

साहेबांनी माझ्या कामाचा कायझेनचा फॉर्म भरायला सांगितला. वर्षातल्या सुधारणांची स्पर्धा असते, ५ एप्रिलला बक्षीस. सुधारणेपूर्वी: एकेचाळीस. सुधारणेनंतर: पाच. फॉर्म इतका स्वच्छ दिसत होता की पुढे काही लिहावंसं वाटेना.

१८ मार्च, मंगळवार

गावात बीजेच्या यात्रेची गर्दी ओसरली. बस वेळेवर.

ग्राहकाकडून ब्रॅकेटचा एक लॉट परत आला. सहा हजार नग. ड्रॉइंगवर भोक ८.२ मिलिमीटर आहे, आपण ८.५ पाडतो. त्यांच्याकडे नवा क्वालिटीवाला आलाय, त्याने ड्रॉइंग धरून मोजलं. उद्या त्यांची माणसं येणार. अडीच वर्षांपासून ८.५ चाललंय आणि प्रत्येक लॉटवर नूरभाईंचा क्यूसीचा, म्हणजे माल तपासून पास केल्याचा, शिक्का आहे.

नूरभाई निवांत होते. म्हणाले, त्यांच्याच इंजिनिअरनं मेल टाकला हुता राव, ८.५ करा म्हून. तो सोडून गेला नोकरी, पर मेल हाय ना माज्याकडं. उद्या तोंडावर उघडून दावतो. म्हटलं, उत्तम.

१९ मार्च, बुधवार

कॉन्फरन्स रूममध्ये ग्राहकाची तीन माणसं, साहेब, नूरभाई. मलाही बोलावलं, मेलचा प्रोग्रॅम माझा म्हणून.

नूरभाईंनी स्क्रीन उघडला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. म्हणाले, ज्योतीराव, जुनी पेटी कुटं ठिवली? मी पुढे झालो. वरच्या कोपऱ्यात जिथे तारीख होती तिथे बोट ठेवलं आणि दाबून धरलं. तीन सेकंद. मग पाच. मग हळूहळू लक्षात आलं की मी पांढऱ्यावर बोट ठेवून उभा आहे.

सगळे माझ्या बोटाकडे बघत होते. मी म्हणालो, सर्व्हर स्लो आहे. ते खोटं नव्हतं. सर्व्हर कधी कधी स्लो असतो.

ग्राहकाचा माणूस म्हणाला, मेल असता तर सापडला असता. नूरभाईंचे ओठ वाळले होते. रोज्यामुळे असेल. म्हणाले, साहेब, हाय मेल. मी खोटा शिक्का मारत न्हाई. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. चौकशी लावतो म्हणाले, आठ दिवसांत.

मला विशेष काही वाटलं नाही. हात थंड पडले होते, एसी फार ठेवतात.

२० मार्च, गुरुवार. सुट्टी

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, जुनी पेटी जागेवर आहे, आतला एकही मेल गेला नाही. पण दार तारखेच्या मागे होतं आणि तुम्ही तारीख काढायला लावलीत. मी तेव्हा विचारलं होतं. त्यांनी १ तारखेचा मेल वाचून दाखवला. तिसरी ओळ: तारीख गेली की जुनी पेटी कोणालाच उघडता येणार नाही, तरी काढू का?

मी म्हणालो, मला पहिल्या दोनच ओळी दिसत होत्या. त्यांनी तिसरी ओळ पुन्हा वाचली.

आता एकच गोष्ट करायची. कंपनीकडून, म्हणजे माझ्याकडून, एका ओळीचा मेल पाठवायचा: तारीख परत लावा. त्याशिवाय नियमाने मॅडमना स्क्रीनला हात लावता येत नाही. साहेबांना प्रत जाईल एवढंच.

उद्या सकाळी पहिलं काम हे. नूरभाईंचं नाव यातून एका ओळीत सुटणार. मन हलकं झालं. दुपारी झोप चांगली लागली.

२१ मार्च, शुक्रवार

ओळ लिहिली. ‘तारीख परत लावा’ फार तुटक वाटतं. कारण द्यावं लागेल. कारण दिलं तर ते नीट मांडावं लागेल. सात वेळा लिहिली. जेवणाची सुट्टी झाली, मग ट्रेनिंग होतं.

२२ मार्च, शनिवार

लक्षात आलं की सोमवारी कायझेनचे परीक्षक स्क्रीन पाहायला येणार आहेत. फॉर्मवर पाच लिहिलंय. तारीख लावली तर स्क्रीनवर सहा गोष्टी होतात. परीक्षकांसमोर खोटं पडणं कंपनीच्या दृष्टीने बरं नाही. दोन दिवसांनी काय बिघडतं? चौकशी बुधवारी आहे. मंगळवारी पाठवीन.

नूरभाईंनी बसमध्ये विचारलं, सर्व्हरचं काय झालं? म्हटलं, काम चालू आहे. ते म्हणाले, तुमी हाय म्हून काळजी न्हाई.

२४ मार्च, सोमवार

परीक्षक आले. दोन मिनिटं पाहिलं. एक म्हणाला, वा, काहीच नाही यात. मी आभार मानले.

२५ मार्च, मंगळवार

आज पाठवणार होतो. घरून निघताना ओवीच्या आईने वाणसामानाची यादी दिली. त्या गडबडीत चष्मा घरी राहिला. चष्म्याशिवाय असला मेल पाठवू नये. उद्या चौकशीत तोंडीच सांगेन. ते जास्त प्रामाणिक.

२६ मार्च, बुधवार

चौकशी. साहेब, एचआरचे धनेश आणि सिस्टिमच्या बाजूने मी. नूरभाईंना बाहेर बसवलं होतं.

आमच्याकडे पद्धत अशी की कुठल्याही चुकीला पाच वेळा ‘का’ विचारायचं. तसा छापील तक्ताच आहे. पाचव्या ‘का’ला मूळ कारण हाती लागतं.

पहिलं का: मंजुरीचा पुरावा का नाही? मेल सापडत नाही. दुसरं का: मेल का सापडत नाही? जुन्या पेटीत आहे, ती उघडत नाही. तिसरं का: पेटी का उघडत नाही? धनेशने पेन वर धरलं आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं होतं. त्याच वेळी चहा आला. कप फिरले, बिस्किटांची बशी फिरली. साहेब म्हणाले, हं, ज्योतीराम? मी म्हणालो, तसं, महत्त्वाच्या मेलची प्रिंट माणसाने काढून ठेवायला हवी. हे सर्वसाधारण बोललो. साहेब म्हणाले, बरोबर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची शिस्त नाही. धनेशने लिहिलं. चौथं का आणि पाचवं का रिकामं ठेवता येत नाही, म्हणून चौथ्यात ‘ट्रेनिंग कमी’ आणि पाचव्यात ‘वय’ असं भरलं. नूरभाईंचं वय चोपन्न. माझं एकोणपन्नास, ते कोणी विचारलं नाही.

चहा तिसरा. आज मोजायचा नाही असं ठरवलं.

२८ मार्च, शुक्रवार

ऑर्डर निघाली. नूरभाईंचा क्यूसीचा शिक्का काढून घेतला. सव्वीस वर्षं तो त्यांच्या खिशात असायचा, दोऱ्याला बांधलेला. १ तारखेपासून गेटवर, ट्रकचे नंबर लिहायला.

संध्याकाळी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून होते. तळवडे जवळ आलं तेव्हा म्हणाले, गेटवर झाडाची सावली हाय म्हनत्यात. मी म्हणालो, हो, चांगली आहे.

२९ मार्च, शनिवार

सकाळी ११.४० ला मेल पाठवला. तीन शब्द: तारीख परत लावा. कारण दिलं नाही, साहेबांना प्रत टाकली. ११.५२ ला तारीख स्क्रीनवर परत आली. बारा मिनिटं.

दाबून धरलं. पेटी उघडली. मेल अडीच वर्षांपूर्वीचा, सहा ओळींचा. भोक ८.५ करावे, ड्रॉइंग मागून बदलून पाठवतो. खाली नाव, हुद्दा, फोन. याहून स्पष्ट कोणी लिहू शकणार नाही.

प्रिंट काढली. साहेबांच्या केबिनला कुलूप. चेन्नईला गेलेत, गुरुवारी रात्री येणार. फोन करता आला असता. पण असल्या गोष्टी समोरासमोर बोलाव्यात.

३० मार्च, रविवार. पाडवा

साडेतीन मुहूर्तांतला दिवस. पहाटे उठून नदीवर गेलो, देवळात बसलो. आज संकल्प केला की नूरभाईंना त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगायचं. साहेबांच्याही आधी. उद्या ईद आहे. माफी मागायला याहून चांगला दिवस नाही.

देवासमोर काही मागितलं नाही. नुसता बसलो. फरशी गार होती.

३१ मार्च, सोमवार. ईद

अर्धी रजा टाकून तळवड्याला गेलो. प्रिंट खिशात. घर पाहुण्यांनी भरलेलं. ताजुन्निसा भाभींनी शीरखुर्म्याची वाटी हातात दिली. नूरभाई नव्या शर्टात. त्यांनी मला मधोमध बसवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, ह्ये ज्योतीराव. आमच्या कंपनीचा मेल ह्येंनीच सोपा केलाय, बक्षीस लागायचंय. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, माशाल्ला.

भाभी पदराने हात पुसत म्हणाल्या, भाऊ, ह्येंच्या कामाचं काय झालं म्हने? गेटवर टाकलं? मी म्हणालो, तात्पुरतं आहे, भाभी. त्या म्हणाल्या, मग बरं हाय, ह्ये बोलतच न्हाईत काई.

दुसरी वाटी घेतली. इतक्या माणसांत ती गोष्ट काढणं बरं दिसलं नसतं.

२ एप्रिल, बुधवार

गेटवरून आत येताना नूरभाई दिसले. खुर्ची सावलीत आहे. रजिस्टरमध्ये ट्रकचे नंबर लिहितात. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक नंबराखाली पट्टी धरून रेघ.

स्क्रीन पाहिला. तारीख परत आल्यापासून तिच्यावर कोणी दाबून धरलंय का ते मॅडमना विचारलं. एकदा, म्हणाल्या. २९ मार्चला, तुम्हीच.

४ एप्रिल, शुक्रवार

साहेब आले. प्रिंट घेऊन केबिनमध्ये गेलो. बसा म्हणाले, अभिनंदन, पहिला नंबर तुमचा. उद्या हेड ऑफिसची माणसं आहेत, स्टेजवर दोन शब्द बोला. मी म्हणालो, साहेब, एक सांगायचं होतं. ते म्हणाले, उद्या सांगा, सगळ्यांसमोर.

बाहेर आल्यावर उमगलं की हीच खरी जागा. बंद केबिनमध्ये सांगितलेलं तिथेच राहतं. सगळ्या प्लँटसमोर सांगितलं की नूरभाईंचा शिक्का त्याच दिवशी परत द्यावा लागेल. तीन वाक्यं तयार केली. हे बक्षीस माझं नाही. जुनी पेटी माझ्यामुळे बंद झाली होती. नूरमोहम्मद मुलाणी खरं बोलत होते, हा तो मेल.

आंघोळ करताना म्हणून पाहिली. ओवीच्या आईसमोर म्हणून दाखवली. ती म्हणाली, बरं आहे, पण हे पंधरा दिवसांपूर्वी म्हणायचं होतं ना? बायकांना कामाच्या जागेच्या अडचणी माहीत नसतात.

प्रिंट शर्टाच्या खिशात ठेवली.

५ एप्रिल, शनिवार. रात्री ९.००

कँटीनच्या मागे मांडव. सगळ्या शिफ्टचे लोक. नूरभाई गेट सोडून येता येणार नाही म्हणाले होते, पण आले होते. शेवटच्या रांगेत उभे, रजिस्टर काखेत.

माझं नाव पुकारलं. शाल, प्रमाणपत्र, मग माइक. मी पहिलं वाक्य म्हटलं, हे बक्षीस माझं नाही.

टाळ्या पडल्या. बराच वेळ. हेड ऑफिसच्या पाहुण्यांनी मान डोलावली. मी टाळ्या थांबायची वाट पाहत होतो. टाळ्या थांबल्या तेव्हा साहेब पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पाहिलंत, हा नम्रपणा हीच आपली कंपनी. आणि माइकसाठी हात पुढे केला.

मी दिला.

उतरताना पायऱ्या तीन होत्या. खाली गुलाबजाम ठेवले होते.

परतीच्या बसला नूरभाई नेहमीच्या जागी. म्हणाले, ब्येस बोललात राव. मोजकं. मग प्रमाणपत्र हातात घेऊन पाहिलं, लांब धरून, सगळं वाचलं. म्हणाले, पिशवीत घडी पडंल ह्येला. माज्याकडं द्या. उद्या चिंचवडला जायाचंच हाय, काच लावून फ्रेम करून आनतो.

म्हटलं, कशाला तुम्हाला त्रास? म्हणाले, त्यात कसला तरास. गेटवर काय, येळच हाय आता.

दिलं. खिशातला कागद त्यांनी मागितला नाही.

तळवडे आलं. प्रमाणपत्र दोन्ही हातांत सपाट धरून ते पायऱ्या उतरले, वाकू नये म्हणून.